तात्यांच्या गाडीला डोळा आला

आमचे शेजारी नरहरीतात्या गाडी सुरू करण्याआधी गाडीची परवानगी घेतात. किल्ली हातात असते, दार उघडं असतं, मागच्या सीटवर मी बसलेली असते आणि मला कॉलेजात पोचायला उशीर होत असतो. तात्या मात्र गाडीच्या पुढे जाऊन उभे राहतात, बॉनेटवर हात ठेवतात आणि हलक्या आवाजात विचारतात, “निघायचं का?” मग जरा थांबतात. गाडी काय उत्तर देते ते मला आजवर ऐकू आलेलं नाही. पण कधीकधी ते मान हलवत परत येतात आणि म्हणतात, “आज तिचं मन न्हाई, मास्तरीणबाई.” त्या दिवशी मी रिक्षा करते.

मी मास्तरीण नाही. नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे तात्यांना सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. पुस्तकांशी संबंध आलेली कुठलीही बाई त्यांच्या लेखी मास्तरीण, आणि एकटी राहणारी कुठलीही बाई त्यांच्या बायकोच्या, गोदाकाकूंच्या, लेखी उपाशी. त्यामुळे तरोड्यात शेजारी राहायला आल्यापासून मी तात्यांच्या गाडीत आणि काकूंच्या स्वयंपाकघरात निम्मी तरी जमा आहे.

तात्या मूळचे अहमदपूरकडचे, म्हणजे लातूर जिल्ह्यातले. नांदेडात घर झालं तरी बोलण्यात अजून “आमच्या लातूरकडं” येतंच. नांदेडचं पाणी जड, नांदेडची ज्वारी चिवट आणि नांदेडचे स्पीडब्रेकर तर मुद्दाम त्यांच्यासाठी बांधलेले. जन्मभर शेती केली. काकूंचे गुडघे कामातून गेले तेव्हा मुलानं, विनायकनं, जमीन बटईनं, म्हणजे वाट्यानं लावून दोघांना इथं आणून बसवलं. स्वतः पुण्याला नोकरीवर गेला आणि जाताना आपली जुनी करड्या रंगाची गाडी मागे ठेवून गेला. लोक ज्या वयात गाडी चालवणं सोडतात त्या वयात तात्या ती शिकले.

शिकले म्हणजे काय, आयुष्यभर जे येत होतं तेच त्यांनी गाडीला लावलं. पेट्रोल म्हणजे वैरण. सिग्नलला थांबताना ते ब्रेकवर पाय ठेवतात आणि तोंडानं “हो हो हो” म्हणतात. हॉर्न वाजवत नाहीत. खिडकीतून डोकं काढून “सर की बाप्पा बाजूला” असं समोरच्या ट्रकला सांगतात, आणि आश्चर्य म्हणजे ट्रक सरतो. पुढची दोन चाकं त्यांच्या दृष्टीनं जोडी आहेत. उजवं कामसू आणि डावं अंगचोर. गाडीबद्दल कुणी काहीही सुचवलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो, “तिला इचारलं का?” मी एकदा मागची काच खाली केली तर तेवढ्यावरही हेच.

गुरुवारचा दिवस मात्र गाडीचं मन नेहमी असतं. दर गुरुवारी तात्या लोह्यावरून गावाकडे जातात, तांबड्याला भेटायला. तांबड्या म्हणजे त्यांचा लाल कंधारी बैल. जन्मला आणि त्याची माय गेली. काकूंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. पुढे माळेगावच्या जत्रेतून त्याला जोडीदार आणला, तो आधी गेला. गाव सोडताना तात्यांनी तांबड्याला वस्तीवरच्या हणमंताच्या हवाली केलं. वस्तीपर्यंत एसटी जात नाही. काकूंना एवढा प्रवास झेपत नाही. म्हणून गुरुवारी काकू गूळ घालून एक जाड भाकरी करतात, तात्या ती घेऊन जातात आणि संध्याकाळी बातम्या घेऊन येतात. काय खाल्लं, कसं बघितलं, शिंगानं कुणाला ढकललं. काकू पाय लांब करून बसतात आणि एखादीनं माहेरची खुशाली ऐकावी तसं ऐकतात. त्यांच्या आठवड्यात दुसरं काही नसतं असं म्हटलं तरी चालेल.

विनायकला हे गाडी चालवणं मुळीच पसंत नाही. गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली तेव्हा त्यानं फोनवर निक्षून सांगितलं, “तात्या, आता एक जरी लाईट लागलेला दिसला, एक जरी आवाज आला, तर गाडी विकून टाकणार. महालक्ष्म्यांना येतोय, तेव्हा स्वतः चालवून बघणार.” विनायक वाईट मुलगा नाही. त्याला बापाची काळजी आहे आणि ती काळजी तो ओरडून करतो.

आणि नेमका पोळा होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच लाईट लागला.

मी मागे बसले होते. आयटीआयच्या चौकात तात्यांनी एकदम गाडी बाजूला घेतली. स्पीड दाखवतात त्या काचेत एक पिवळा दिवा पेटला होता, गोल, मधे तीन इंग्रजी अक्षरं. तात्यांनी खाली वाकून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “डोळा आलाय हिला,” ते म्हणाले.

“तात्या, तो एबीएसचा दिवा आहे. ब्रेकचं काहीतरी असतं.”

“तेच म्हनायलो. डोळा आलाय.” मग माझ्याकडे वळून, “उतरा मास्तरीणबाई. जवर हिचा डोळा उतरत न्हाई तवर कुनी बसायचं न्हाई हिच्यात. मी एकटा काय करायचं ते करीन.”

मी तिथून रिक्षा केली. त्या दिवसापासून रोजच रिक्षा.

तात्यांचे पहिले उपचार घरगुती होते. बॅटरीची वायर काढून रात्रभर ठेवली, म्हणजे गाडीला झोप मिळेल. दिवा गेला नाही. गाडी धुतली, दृष्ट काढली, बॉनेटखाली ऊन दाखवलं. दिवा गेला नाही. मग एके सकाळी बघते तर दिवा गायब. मला बरं वाटलं. वाकून पाहिलं तर त्या जागी काकूंची मोठी मरून टिकली चिकटवलेली.

“तात्या, हे काय?”

“झाकलाय. आजारी डोळा झाकूनच ठेवायचा असतोय.”

“आणि विनायकनं विचारलं तर?”

“मायची टिकली उडून पडली म्हनतो,” तात्या म्हणाले, पण त्यांचा स्वतःवरच विश्वास बसलेला दिसला नाही.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. मीच त्यांना एका मोठ्या, काचेच्या गॅरेजात घेऊन गेले, म्हणजे ते गाडीतून आणि मी मागून रिक्षातून. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं गाडीला हातही न लावता सांगितलं की एबीएसचं सगळं युनिटच बदलावं लागेल, पार्ट मुंबईहून येईल, पंधरवडा धरून चला. तात्यांनी त्याला शांतपणे विचारलं, “बाळा, तुझे डोळे आले तर डॉक्टर मुंडकं बदलतोय का?” मुलगा टाय चाचपत राहिला आणि आम्ही निघालो.

उरला देगलूर नाक्यावरचा रऊफ मिस्त्री. रऊफ हा स्वतंत्र लेख होईल असा माणूस आहे. जगात त्याला सगळं येतं आणि ते तो काम करताना सतत सांगत असतो. गाडी त्याच्या शेडमध्ये शिरायच्या आतच त्यानं हात वर केला. “बस, बस. समझ गया. आवाजावरून सांगतो तात्या, फ्यूज गेलाय.”

फ्यूज काढला. चांगला होता.

“हौ, मला वाटलंच. ब्रेक ऑइल कमी असणार. कमी झालं की हा दिवा लागतोच.” झाकण उघडलं. ऑइल काठोकाठ होतं.

“ये बी अच्छा हुआ. मग उजवा चाक. शंभर टक्के उजवा चाक.”

“उजव्याला बोल लावू नको,” तात्या म्हणाले. “त्यो कामाचा हाय.”

शेवटी रऊफनं मोठेपणा बाजूला ठेवून शेजारच्या दुकानातून तपासायचं मशीन मागून आणलं. स्टिअरिंगखाली त्याची वायर खोचली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचलं. पुढचं डावं चाक, सेन्सर. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू डाव्याबद्दलचं त्यांचं मत आता सरकारदरबारी नोंदलं गेलं.

“मला सांग मिस्त्री,” ते म्हणाले, “ह्यो एबीएस करतो काय?”

“तुम्ही जोरात ब्रेक दाबला ना तात्या, तर चाक जाम होतं, गाडी घसरते. हा चाकाजवळचा सेन्सर बघत बसतो, चाक फिरतंय का नाही. थांबायला लागलं की ब्रेक सोडतो, परत धरतो, परत सोडतो. सेन्सरला चाक दिसलं नाही की दिवा लावतो. साधा ब्रेक तर लागतोच, डरने की बात नहीं.”

“म्हंजे कासराच की,” तात्या म्हणाले. “ताणायचा अन् ढिला सोडायचा.” आणि पहिल्यांदाच त्यांना त्या दिव्याबद्दल आपुलकी वाटलेली दिसली.

रऊफनं जॅक लावला, डावं चाक उतरवलं आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो पिवळा धमक. त्यानं बोटं नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. हळद आणि साजूक तूप. चाकाच्या मागे जिथे दांडा येऊन मिळतो तिथे कुणीतरी मनापासून हळद-तूप चोळलं होतं. त्यावर रस्त्याची धूळ आणि ब्रेकचा लोखंडी भुसा बसून घट्ट थर झाला होता. सेन्सर त्या थराखाली दिसतही नव्हता.

“तात्या,” रऊफ म्हणाला, “ये सेन्सर हय के शिरा हय? कोण केलं हे?”

तात्यांनी टोपी काढली, परत घातली. “पोळा नव्हता का परवा,” ते म्हणाले. “म्हनलं, हिची बी खांदेमळनी करावं. ओढती तर ही बी.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यांना तेवढा आराम. आमच्या तात्यांनी गाडीचे खांदे शोधून काढले होते. रऊफ इतका हसला की पान्यावर बसला. मीही हसले. डाव्या चाकाला तूप जास्त का, असं मी विचारलं तर म्हणाले, “त्यालाच लई लागतंय. अंगचोर हाय न.”

“इतके साल नाही केलं, याच सालला कामून सुचलं तात्या?” रऊफनं विचारलं. तात्यांना ते ऐकू गेलं नसावं. ते चाकाचे नट उचलून पुसत बसले.

रऊफनं सेन्सर काढून स्प्रेनं धुतला, पुसला, चाकाबरोबर फिरणारं दात्यांचं कडं ब्रशनं साफ केलं. तूप ब्रेकच्या थाळीला लागलं नव्हतं हे बघून त्यानं अल्लाचे आभार मानले. चाक चढवलं, मशीनमधून जुनी नोंद पुसली आणि किल्ली फिरवली. तात्यांनी टिकली नखानं सोलून काढली. दिवा पेटला. तात्यांचा चेहरा पडला. आणि मग दिवा आपोआप विझला.

“आधी पेटणारच,” रऊफ म्हणाला. “पेटून विझला म्हणजे तब्येत चांगली. टिकली लावून गेला असता ना, तर पोरानं एका मिनटात पकडला असता. दिवा पेटलाच नाही तर जास्त शक येतो.”

नाक्यापासून पुलापर्यंत जाऊन आलो, रऊफनं रिकाम्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबून दाखवला, पायाखाली थरथर झाली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. दिवा गप्प होता. तात्यांनी मला दार उघडून दिलं. इतक्या दिवसांनी मी त्या सीटवर बसले तर मला घरी आल्यासारखं वाटलं.

विनायक आला. महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, काकूंनी बसल्या बसल्या सोळा भाज्यांची भाजी केली. दुसऱ्या दिवशी विनायकनं गाडी लातूर रोडला दूरवर पळवली, खड्ड्यातून नेली, ब्रेक दाबून पाहिले. परत आला तो जरा निराश दिसला. “गाडी बरी ठेवलीय तात्या,” एवढंच म्हणाला. विकायचा विषय त्यानं परत काढला नाही. तो पुण्याला गेला आणि तात्यांनी गाडीला वैरण भरली.

पुढच्या गुरुवारी मला सुट्टी होती. काकूंनी भाकरी फडक्यात बांधली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आवं, आज मास्तरीणबाईंना घेऊन जा की. घरी बसून काय करायल्या त्या? तांबड्याला बघून येतील.”

तात्या एकदम गडबडले. रस्ता खराब आहे म्हणाले. ऊन आहे म्हणाले. शेवटी आपलं हत्यार काढलं, “तिला इचारलं का?”

काकू दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठल्या, भिंत धरत फाटकापर्यंत गेल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि परत आल्या. “इचारलं,” म्हणाल्या. “हाव म्हनली.”

लोहा मागे पडेपर्यंत तात्यांनी एकाही ट्रकला सरायला सांगितलं नाही. मग एका लिंबाखाली त्यांनी गाडी घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, “तांबड्या न्हाई मास्तरीणबाई. श्रावनातच गेला. म्हातारा झालता. सकाळी उठलाच न्हाई म्हने. हणमंताचा फोन आला मला.”

“पण तुम्ही तर दर गुरुवारी...” मी म्हटलं.

“जातो की. हणमंताकडं बसतो, च्या पितो. भाकर त्याच्या म्हशीला घालतो. मंग घरी जाऊन सांगतो तिला, आज असं केलं, आज तसं केलं.” ते थोडं हसले. “लई खोटं बोलायलो मी. पन तिच्या हातानं वाढलेलं लेकरू हाय त्ये. कसं सांगू? म्हनलं, सांगू पुढल्या गुरवारी. मग पुढल्या.”

“आणि पोळ्याला?”

“पोळ्याला तिनं वाटीभर हळद-तूप कालवून दिलं. दर वर्साला देती. मी गेलो अन् भरली वाटी घेऊन गोठ्यात बसलो. आता वाटी तर रिकामी न्यावी लागंल घरी. फेकायचं जिवावर आलं. तिच्या हातचं तूप. दुसऱ्याच्या बैलाला लावावं तर तेबी मन धजंना. मंग गाडीच हुती म्होरं.”

मी मागच्या सीटवरून उतरून पुढे, त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मोठ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायची मला सवय नाही, तरी ठेवला. गाडी का जायला नको होती ते मला तेव्हा कळलं. गाडी गेली असती तर गुरुवार गेला असता, आणि गुरुवार गेला असता तर घरात खरं सांगावं लागलं असतं.

हणमंताकडे आम्ही चहा घेतला. म्हशीनं भाकरी खाल्ली. परत आलो तेव्हा काकू पाय लांब करून बसल्याच होत्या. तात्या नळावर हातपाय धुवायला गेले तशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि अगदी हळू विचारलं, “बोलले का तुमच्याजवळ?”

मी नळाकडे पाहिलं.

“हणमंताच्या बायकोचा मला बी फोन आलता,” काकू म्हणाल्या. “तवाच. तिला वाटलं ह्यांनी सांगितलं आसंल. मी काही बोलले न्हाई. गुरवारचं भाईर पडत्यात, चार मानसांत बसत्यात, येऊन घटकाभर बोलत्यात. मला ठावं हाय म्हनलं तर जायचे बंद व्हतील अन् घरात कोपरा धरून बसतील. म्हून तर तुम्हाला धाडलं आज. एकटेच दुख घेऊन हिंडायलेत.”

“आणि ते तूप? पोळ्याचं?”

“दिलं नसतं तर त्यांनी वळखलं असतं न.”

तात्या टॉवेलनं तोंड पुसत आले आणि पाटावर बसले. काकूंनी त्यांना वाढलं, मला वाढलं, आणि भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, “मंग? कसा हाय आज?”

“लई मजेत,” तात्या म्हणाले. “मास्तरीणबाईंना हुंगून बघितलं त्यानं. नवीन मानूस न. इचारा त्यांना.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो काकू,” मी म्हणाले. “हुंगलं.”

“अन् माझं नाव घेतलं का त्याच्याम्होरं?”

“घेतलं की,” तात्या म्हणाले. “कान टवकारले त्यानं.”

काकू हसल्या आणि तात्यांच्या भाकरीवर तूप घातलं, नेहमीपेक्षा बरंच जास्त. मी कसंबसं जेवण उरकलं, शेजारी माझ्या घरी आले, दार लावलं आणि खूप रडले. त्या दोघांचा मला त्या दिवशी फार हेवा वाटला.